अकरा महिने संपले, करार फक्त नोटरीचा आणि डिपॉझिट मालकाकडे

प्रश्न: पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतला आहे. भाडं 18,000 रुपये, डिपॉझिट 60,000. करार 11 महिन्यांचा, 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. मुदत गेल्या महिन्यात संपली. त्यानंतरचं भाडं मालकांनी यूपीआयवर घेतलं. आता म्हणतात, आठ दिवसांत जागा सोडा, नाहीतर वीज तोडून कुलूप बदलतो. शिवाय रंगकामाचे 25,000 कापणार. काय करावं?

उत्तर: मालक स्वतःच्या हाताने तुम्हाला बाहेर काढू शकत नाहीत. पण मुदत संपल्यावर तिथे राहत राहण्याचा हक्कही तुम्हाला नाही. त्यामुळे भांडण राहण्यावरून घालू नका, तारीख आणि डिपॉझिट यांवरून घाला.

आधी नोटरीचं बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. 11 महिन्यांचा असला तरी सुटका नाही; 11 महिन्यांना नोंदणी लागत नाही हा समज नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून रुळला आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल तुम्ही सांगाल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवणं मालकावर. तुमच्या रकमांवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने पाचशेच्या थोडं वर जातं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. म्हणजे हजारभर रुपये वाचवायला मालकांनी स्वतःची बाजू लंगडी केली.

म्हणून तुम्ही कायमचे भाडेकरू झालात असं मात्र नाही. मुदतीनंतर भाडं घेतलं म्हणून करार आपोआप पुढे वाढत नाही. याच अधिनियमाच्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) ताब्यासाठी अर्ज करू शकतात, आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट भाड्याने भरपाई मागू शकतात. तुमच्या बाबतीत महिना 36,000. समन्स आलं तर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. बरेच जण "तारखेला बघू" म्हणून गप्प बसतात आणि तिथेच हरतात.

कुलूप बदलण्याची धमकी वेगळी. शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय हटवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एका लायसन्सच्याच प्रकरणात सांगितलं आहे. बाहेर काढलंच तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. धमकीचे मेसेज जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतील. तरी पोच सोडू नका. कुलूप फोडायला कोणी आलं तर 112.

आता डिपॉझिट. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो "दोनच महिन्यांचं डिपॉझिट" हा नियम 2021 च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातला, म्हणजे राज्यांसाठी केलेल्या नमुन्यातला आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. तुमचा आधार करारातलं परताव्याचं कलम. रंगाबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. "एका महिन्याचं भाडं रंगासाठी" असं सही केलेलं असेल तर तेवढं जाईल, म्हणजे 18,000, 25,000 नव्हे. काहीच लिहिलेलं नसेल तर रोजच्या वापराने मळलेल्या भिंतींचा खर्च तुमच्या माथी मारण्याला विरोध करा. भोकं, फुटलेल्या फरशा, तुटलेला नळ यांचा खर्च मात्र द्यावा लागेल, आणि तोही बिल पाहून.

आजच मालकांना ईमेल आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टने कळवा: अमुक तारखेला (तीन ते चार आठवड्यांपुढची सुचवा) ताबा देतो, त्याच वेळी डिपॉझिट खात्यात जमा करा. भाडं तोवर बँकेतूनच भरा. डिपॉझिटमधून परस्पर वळतं करू नका. थकबाकीदार म्हणवून घ्यायचं कारण मिळतं.

ताब्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, महावितरणच्या मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, पंखे-गीझर-चाव्यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खात्यात दिसल्यावर चावी द्या. मालक अडून बसले तर मात्र चावी दाबून ठेवू नका, दुप्पट भरपाईचं मीटर तुमच्यावरच फिरतं. ताबा दिल्याची लेखी पोच घ्या, वकिलामार्फत 15 दिवसांची नोटीस द्या आणि मग वसुलीचा दावा लावा. पैसे परत द्यायचे होते त्या दिवसापासून 3 वर्षांची मुदत असते.