बोटॉक्स घ्यायचंय, पण कुणाला कळता कामा नये

सुरकुत्यांच्या इंजेक्शनबद्दल, म्हणजे लोक ज्याला सरसकट बोटॉक्स म्हणतात त्याबद्दल, माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: ते विष असतं ना? एका शिक्षिकेनेही तिथूनच सुरुवात केली. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) चाळिशी उलटलेली, मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. दोन भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या. "मॅडम, मी मजेत असले तरी वर्गातली पोरं विचारतात, बाई, चिडलात का? लग्नाच्या फोटोत पण तशीच दिसणार मी." त्यातच मोबाइलवर कुणाच्या तरी गालाची त्वचा काळी पडल्याचा व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे झोप उडालेली.

मी डॉक्टर नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. पण भीती नेमकी कशाची धरायची, एवढं आम्ही मिळून पाहू शकत होतो.

तो व्हिडिओ फिलरचा होता. फिलर म्हणजे खोलगट जागा भरून काढणारं जेल. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. बोटॉक्सचं काम वेगळं. ते आठी घालणाऱ्या स्नायूला मज्जातंतूकडून येणारा निरोप अडवतं, म्हणून स्नायू सैलावतो. मूळ पदार्थ जिवाणूचं विष आहे, हे खरंच. पण भुवयांमधल्या आठ्यांसाठी साधारण 20 युनिट लागतात, आणि सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठ झालेल्या मुलांना हेच औषध याहून कितीतरी जास्त मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. आठ्यांसाठीची मान्यता 2002 मधली.

"मग पापणी पडते ते खोटं?" खोटं नाही. औषध थोडं सरकलं तर पापणी जड होते. थोड्याच जणींना होतं, काही आठवड्यांत ओसरतं, तोवर डॉक्टर थेंब देऊ शकतात. सुई टोचल्या जागी निळसर डाग, थोडी सूज, एक-दोन दिवस डोकेदुखी, हे त्याहून नेहमीचं. कायमचं काहीच राहत नाही, आठी मोकळी झालेलीसुद्धा: तीन-चार महिन्यांत परिणाम उतरतो. पुढे इंजेक्शन घेतलं नाही, तर आठ्या आधीसारख्या होतात, आधीपेक्षा वाईट नाही.

एवढं ऐकून त्या जरा सावरल्या आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचंच नव्हतं. तिथल्या बाकावर शाळेतलं कुणी भेटलं तर? सासूबाईंच्या कानावर गेलं तर? म्हणून ओळखीच्या पार्लरमध्ये, दुपारी गर्दी नसताना, सवलतीच्या दरात ठरवून ठेवलं होतं.

मला काळजी वाटली ती इथे. 2024 मध्ये अमेरिकेत 11 राज्यांतल्या 22 स्त्रियांना अशा इंजेक्शननंतर त्रास झाला, काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. इंजेक्शनं घरी, स्पामध्ये, प्रशिक्षण किंवा परवाना नसलेल्यांच्या हातून घेतलेली, आणि काही कुप्या तर नकली निघाल्या. औषध फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत राहिलं का, कुपी कधी उघडली, कुठल्या कंपनीची, हे पार्लरमध्ये कोण सांगणार? एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर जुळत नाही, हे तिथे किती जणांना ठाऊक असेल? शिवाय लपूनछपून गेलं की आपल्या गोळ्यांचं कुणी विचारत नाही. ताई हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत होत्या. त्याने डाग जास्त पडतो, आणि ती मनाने बंद करणं तर फारच घातक. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं.

लग्नाचं गणितही बसत नव्हतं. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि पापणी पडलीच तर ती नेमकी मांडवात दिसणार. समारंभाच्या निदान महिनाभर आधी घ्यावं, नाहीतर नंतर.

पुढच्या भेटीत आम्ही इंजेक्शनबद्दल फार बोललोच नाही. नवऱ्याला सांगायचं कसं, यावर बोललो. त्यांनी त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग डॉक्टरकडे जाऊ ना."

लग्न आठ्यांसकट झालं. नंतर दोघं त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. ताईंनी कुपीवरचं नाव आणि मुदत स्वतः वाचली, गोळ्यांची चिठ्ठी दाखवली. डॉक्टरांनी चार तास चोळू नका, आडव्या होऊ नका म्हणून बजावलं. गिळायला, बोलायला, श्वासाला त्रास झाला, दोन-दोन दिसायला लागलं किंवा अंगातली ताकद गेली, तर काही आठवड्यांनी का असेना, थेट मोठ्या दवाखान्यात जा, असंही सांगितलं. तसं काही झालं नाही. भुवईपाशी आठवडाभर एक निळा डाग राहिला, आणि स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तेव्हा ताईंनी इंजेक्शन घेतल्याचं सरळ सांगितलं.