सर्व्हिसिंगनंतर ऑइल गळू लागले, तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटरसायकल चार वर्षांची असून तिच्या सर्व सर्व्हिसिंग एकाच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या आहेत. गेल्या महिन्यात ऑइल बदलून गाडी घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाखालच्या फरशीवर ऑइलचे थेंब दिसले. गाडी परत नेली असता मेकॅनिकने जुने ऑइल काढण्यासाठी असलेला खालचा ड्रेन बोल्ट काढून त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि बोल्ट पुन्हा बसवून दिला. पंधरवड्यात गळती पुन्हा सुरू झाली. आता सुपरवायझर म्हणतात की आटे पूर्वीपासूनच गेलेले होते, चेंबर (ज्यात ऑइल साठते ते इंजिनाचे खालचे कवच) बदलावे लागेल आणि त्याचा खर्च मलाच करावा लागेल. मी लेखी तक्रार केल्यास त्या मेकॅनिक मुलाचा पगार कापला जाईल, असेही ते सुचवतात. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गळती थांबेपर्यंत गाडी चालवू नका. आपल्या गाडीच्या इंजिनात ऑइल असते लिटरभराच्या आसपास, आणि बऱ्याच गाड्यांत ऑइलचा दाब दाखवणारा दिवाच नसतो. त्यामुळे ऑइल संपल्याचे इंजिन जाम झाल्यावरच कळते, आणि मग आज आट्यांपुरता असलेला वाद पिस्टन आणि सिलिंडरपर्यंत पोहोचतो. शिवाय ड्रेन बोल्ट मागच्या चाकाच्या पुढे असल्याने गळणारे ऑइल वाऱ्याने टायरवर उडते. टायरला हात लावून पाहा. तो तेलकट लागला तर गाडी सेंटरपर्यंतही चालवत नेऊ नका, टेम्पोतून न्या आणि टेम्पोच्या भाड्याची पावती जपून ठेवा, कारण तो खर्चही मागता येतो.

आता ‘पूर्वीपासूनच’ या युक्तिवादाकडे येऊ. बोल्ट पोलादी असतो आणि चेंबर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, त्यामुळे जोर जास्त झाला की आटे चेंबरचे जातात आणि बोल्ट शाबूत राहतो. अशा बोल्टला किती पीळ द्यायचा हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. तो साधारणतः २० ते ३० न्यूटन-मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा ते पंधरा किलोचा जोर असतो, आणि हवेच्या गनने बोल्ट आवळणाऱ्याला तो ओलांडायला क्षणही लागत नाही. आटे एका दिवसात न जाता दर सर्व्हिसिंगला थोडे थोडे ओढले जातात, हे सुपरवायझरचे म्हणणे मी खोटे म्हणणार नाही. परंतु तो बोल्ट चारही वर्षे त्यांच्याच सेंटरमध्ये उघडला आणि आवळला गेला असेल, तर ‘पूर्वीपासून’ याचा अर्थ ‘आमच्याच हातून, पण आधीच्या खेपेला’ एवढाच होतो. शिवाय बोल्ट काढताना आटे कमकुवत दिसले असते, तर गाडी परत देण्यापूर्वी जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) तशी नोंद करून आपल्याला फोन करणे हे त्यांचे काम होते. तशी नोंद नसेल, तर हे कारण नंतर सुचलेले आहे, असे मानायला हरकत नाही.

टेफ्लॉन टेपने मात्र मला अधिक अस्वस्थ केले. या बोल्टमधून ऑइल अडवले जाते ते त्याच्या डोक्याखालच्या वॉशरने. आटे फक्त बोल्ट धरून ठेवतात. नळाला टेप लावतात म्हणून ती इथे लावणे म्हणजे दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला. या टेपचे तुटके धागे आत गेले तर ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात, म्हणून पुढच्या दुरुस्तीत जाळी काढून साफ करून घेण्याचा आग्रह धरा.

पैशांचे बोलण्याआधी दुरुस्ती कोणती करायची ते ठरवा. केवळ आटे गेले असतील आणि चेंबरला तडा नसेल, तर चेंबर बदलण्याची गरज सहसा नसते. भोक थोडे मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट त्यात बसतो आणि ही जोडणी ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. भोक पाडताना पडलेला कीस आत राहणार नाही, यासाठी थोडे ऑइल ओतून चेंबर धुऊन घ्यावे लागते, आणि हे काम आपल्यासमोर झालेले बरे. याउलट चेंबर बदलायचे म्हणजे संपूर्ण इंजिन खोलायचे, आणि इंजिन नंबर ज्या भागावर कोरलेला असतो तोच भाग बदलावा लागला, तर आरसीतील नोंदीसाठी आरटीओच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हा पर्याय तडा प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

बोल्ट पुन्हा उघडण्याआधी गळतीचे, आणि उघडल्यावर आट्यांचे व बोल्टला चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या किसाचे फोटो काढा. त्यानंतर सेंटरच्या व्यवस्थापकाला ईमेल करून तिची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. सर्व्हिसिंगची तारीख, बिल क्रमांक, थेंब दिसल्याचा दिवस, टेप लावल्याची हकिकत आणि आपली मागणी, एवढेच त्यात असावे. मुलाचे नाव घालण्याचे कारण नाही, कारण आपला व्यवहार सेंटरशी झालेला आहे आणि कामगाराच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी सेंटरचीच असते. त्याच्या पगाराची ढाल करून ग्राहकाला गप्प बसवणे मला मुळीच पटत नाही.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार गाडी ताब्यात असताना तिची स्वतःच्या वस्तूसारखी काळजी घेणे गॅरेजवर बंधनकारक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १७० नुसार केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्कही गॅरेजला आहे. त्यामुळे काउंटरवर भांडून गाडी अडकवून घेण्यापेक्षा, बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग परतावा मागा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

प्रश्न : नाक्यावरच्या गॅरेजने चेन इतकी आवळली की गाडी ढकलतानाही जड लागते. बिल दिलेले नाही. तक्रार करता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करता येईल; यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंद पुरावा म्हणून चालते. परंतु एवढ्यासाठी आयोगापर्यंत जाऊ नका. चेनला किती ढील हवी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि पुष्कळदा मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरील (स्विंगआर्मवरील) स्टिकरवर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. तो आकडा दाखवून त्याच मेकॅनिककडून आपल्यासमोर चेन सैल करून घ्या, आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या आहेत ना व मागच्या ॲक्सलचा नट पुन्हा आवळला आहे ना, हे तेथून निघण्यापूर्वी स्वतः पाहा. चेन तशीच ताणलेली ठेवून चालवल्यास स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) आणि बेअरिंग लवकर झिजतात, तेव्हा हे काम आजच उरकावे.