घराच्या मागच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं, भिंतीला तिरपी भेग पडलीय, पायाला धोका आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपुरात बेसा साइडला काळ्या मातीच्या प्लॉटवर घर आहे, गच्चीचा पाईप मागच्या कोपऱ्यात सुटतो आणि तिथेच खिडकीच्या कोपऱ्यातून भेग गेलीय. धोका आहे, पण घाबरू नका. मानेवाड्याला माझ्या घराचं अगदी असंच झालं होतं, मी दोनदा पुट्टी भरून पेंट मारला आणि दोन्ही वेळा पुढच्या सीझनला भेग त्याच रेषेत परत उघडली. म्हणून भेग भरायचं आधी डोक्यातून काढा, आधी पाणी.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, मे महिन्यात अंगणात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. सगळीकडे सारखी ओली झाली तर घर एवढं नाही चिरत, पण एकच कोपरा ओला आणि बाकी कोरडं असलं की तेवढाच कोपरा हलतो आणि भिंत तिरपी फाटते. हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे आपल्या हजार लिटरच्या साडेचार टाक्या, आणि त्या आपण पायाच्या बुडाशी ओततो!

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही, कूलर. आमच्या त्याच खिडकीला बाहेरून कूलर होता, एप्रिल ते जून टाकी ओव्हरफ्लो होऊन थेंब थेंब खाली, बाकी अंगण भाजलेलं आणि तेवढी दोन हात जागा हिरवीगार. ते गवत बघून मला कळलं की पाणी मुरतंय कुठे. तुमच्याकडे पण बघा, भिंतीला लागून केळी किंवा अळू असेल तर तेही हलवा.

मी काय केलं तर गच्चीच्या पाईपला खाली ४ इंची पीव्हीसी जोडून उतार देत समोरच्या नालीपर्यंत नेला. मग भिंतीलगत तीन फूट रुंद पट्ट्यातली फूटभर काळी माती काढून मुरूम भरला, थर थर करून, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून), आणि वर बाहेरच्या बाजूला उताराचं काँक्रीट टाकलं. मिस्त्री उतार देतो म्हणतो आणि सपाट करून जातो, म्हणून त्याच्यासमोर बादलीभर पाणी ओतून बघा कुठे पळतंय ते. भिंत आणि काँक्रीटच्या सांध्यात सीलंट भरा, दरवर्षी मे मध्ये तो सांधा तपासा. शोषखड्डा भिंतीजवळ अजिबात नको, काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, उलट पायाशीच थांबतं.

सिमेंट रोड झाल्यावर तुमचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं असेल तर पाणी नालीत जाणारच नाही, उलटं आत येईल. मग चेंबर करून छोटा पंप बसवावा लागतो, किंवा अंगणच मुरूम टाकून उचलावं लागतं, फक्त प्लिंथ (घराचं जोतं) त्याच्यापेक्षा वरच राहील एवढं सांभाळा.

आता आजच भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, रुंदी मोजा, दर महिन्याला बघा. ५ मिलिमीटरच्या वर गेली, दार अडकायला लागलं किंवा भेग आतून बाहेर आरपार दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, मिस्त्रीच्या अंदाजावर राहू नका. आमची भेग पाणी वळवल्यानंतर दोन पावसाळे त्याच रेघेवर थांबली, तेव्हा कुठे तिसऱ्या वर्षी प्लास्टर केलं.