वाचकांचे प्रश्न : ध्रुवावरचा बर्फ मोजताना

मागच्या अंकात ध्रुवीय प्रदेशातल्या रासायनिक प्रदूषणावर लेख होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रं बहुतेक विद्यार्थ्यांची आहेत आणि बहुतेकांना ‘जायचं कसं’ हे विचारायचं आहे. आम्ही मात्र ‘मोजायचं कसं’ यावर जास्त जागा खर्च केली आहे. नाराज होऊ नये. तिथे पोचलेल्या नवख्यांचं काम बहुधा मोजण्यातच फसतं.

अंटार्क्टिकावर एकही कारखाना नाही. मग आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात बनतात तसली रसायनं तिथे सापडतात, ती जातात कुठून? (एमएस्सी विद्यार्थिनी, ऐरोली)

मुख्य वाटा तीन. पहिली हवेची. डीडीटी, एचसीएच, हेक्साक्लोरोबेन्झिन, पीसीबी ही जुनी कीटकनाशकं आणि औद्योगिक रसायनं ना धड वायू, ना धड घन. उष्ण प्रदेशात जमिनीवरून उडतात, गार हवेत खाली उतरतात, ऊन तापलं की पुन्हा उडतात, आणि असं टप्प्याटप्प्याने थंडीकडे सरकतात. हलकी रसायनं ध्रुवापर्यंत पोचतात, जड पीसीबी वाटेतच बसतात. तिथे पोचल्यावर परत उडायला लागणारी ऊब नाही आणि विघटन फार संथ. पुढे शेवाळ, क्रिल (कोळंबीसारखा छोटा जीव), मासा, सील अशी साखळी चढत ती चरबीत साठतात. ॲडेली पेंग्विनच्या शरीरात डीडीटीचे अंश सापडल्याचं १९६६ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. याच गुणांमुळे २००१ च्या स्टॉकहोम करारात (अशा टिकाऊ रसायनांवर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार) त्यांची यादी झाली, आणि ती अजून वाढते आहे: पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये. ही दोन्ही पीएफएएस या, पाणी-तेल न चिकटू देणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांच्या कुळातली.

दुसरी वाट समुद्राची. पीएफओएससारखी पाण्यात विरघळणारी, न विघटणारी रसायनं प्रवाहांबरोबर वर्षानुवर्षं वाहतात. तिसरी वाट विसरली जाते, ती म्हणजे तिथे राहणारी माणसं. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाजवळ ब्रोमीनयुक्त अग्निरोधक सापडले; तळाच्या इमारतींतली धूळ आणि सांडपाणी हा त्यांचा स्रोत.

मात्र एक सावधगिरी बाळगा. बर्फात अमुक सापडलं म्हणून ते महापे-रबाळ्याहून आलं असं एका नमुन्यावरून म्हणता येत नाही. हवेच्या मार्गाचं उलट गणित फक्त हवा कुठून आली ते सांगतं, रसायन वाटेत कुठे चढलं ते नाही. प्रबंधात असं वाक्य दिसलं की परीक्षक तिथेच थांबतात.

बर्फाच्या एकाच नमुन्यात पारा, पीसीबी आणि पीएफएएस तिन्ही मोजायचं ठरवलं आहे. बाटली कोणती घ्यावी? (पीएचडीचं पहिलं वर्ष, कळवा)

एका बाटलीत तिन्ही जमणार नाहीत, आणि कारण गमतीशीर आहे. पाऱ्याला जी बाटली सर्वांत चांगली, ती पीएफएएसला सर्वांत वाईट.

पाऱ्यासाठी टेफ्लॉनच्या जातीची, म्हणजे एफईपी किंवा पीएफएची, नाहीतर आम्लाने धुतलेली काचेची बाटली लागते. साध्या पॉलिथिनच्या भिंतीतून पाऱ्याची वाफ आरपार जाते. नमुन्यातला पारा बाहेर जातो आणि प्रयोगशाळेतला आत येतो. पीएफएएसला टेफ्लॉन वर्ज्य, कारण ते त्याच फ्लोरीनच्या कुळातलं. तिथे एचडीपीई (घट्ट पॉलिथिन) किंवा पॉलिप्रॉपिलिनची बाटली चालते, पण झाकणाच्या आतलं अस्तरही बघून घ्या. बऱ्याच झाकणांत टेफ्लॉनची चकती असते. आणि पीसीबीला कुठलंच प्लास्टिक नको, ते भिंतीत शोषलं जातं. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचा डबा किंवा ४५० अंशांवर काही तास भाजलेली काच, आणि झाकणाखाली तशीच भाजलेली ॲल्युमिनियम फॉइल. ही फॉइल पीएफएएसच्या बाटलीजवळ मात्र नेऊ नका. म्हणजे तीन बाटल्या, तीन वेगळ्या पिशव्या, आणि शक्यतो नमुने घ्यायचा क्रमही ठरलेला.

पीएफएएसच्या लांब साखळीच्या रेणूंचं आणखी एक आहे: ते बाटलीच्या भिंतीला चिकटतात. पाणी दुसरीकडे ओतून घेतलं आणि बाटली टाकून दिली, तर तेवढा भाग गेला. रिकामी बाटली थोड्या मेथॅनॉलने खंगाळा आणि ते मेथॅनॉल त्याच नमुन्याच्या अर्कात घाला.

किती बर्फ लागेल याचा अंदाज नवख्यांचा हमखास चुकतो. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाची घनता ०.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे २ लिटर पाण्यासाठी २० लिटर बर्फ. वाऱ्याने दाबून कडक झालेल्या बर्फाची ०.३५ धरली तर पावणेसहा लिटरच्या आत भागतं. बाटल्यांची संख्या यावरून ठरवा, सामानाच्या पेटीत किती मावतात यावरून नव्हे.

प्रत्यक्ष घेताना वाहन दूर, इंजिन बंद, आणि तळ व वाहन दोन्हींच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला चालत जायचं. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे अंगावरचं जे काही उडेल ते मागे जाईल. दोघांनी काम वाटून घ्यायचं: एकाने फक्त आतली पिशवी, बाटली आणि फावडी यांनाच हात लावायचा, बाहेरची पिशवी, पेटी, जीपीएस, वही हे सगळं दुसऱ्याने बघायचं. पहिल्याने नाक पुसलं तरी हातमोजे बदलायचे. हातमोजे नायट्राइलचे, पावडरविरहित.

कपड्यांचा प्रश्न अवघड आहे. पाणी न धरणारं जाकीट हे बहुधा पीएफएएसनेच तसं केलेलं असतं, आणि त्याच्याशिवाय तिथे उभं राहता येत नाही. मार्ग असा की त्यावर स्वच्छ सुती किंवा पॉलिथिनचा झगा चढवायचा, बाह्या हातमोज्यांच्या आत खोचायच्या, आणि त्या झग्यासकट एक फील्ड ब्लँक (ज्यात बर्फ नाही, बाकी हाताळणी तीच, असा कोरा नमुना) घ्यायचा. जलरोधक कागदाची वही आणि चिकटचिठ्ठ्या घरीच ठेवा. साधा कागद, पेन्सिल पुरते.

माझ्या ब्लँकमध्येच पीएफओए येतं. मार्गदर्शक म्हणतात, ‘वजा कर आणि पुढे जा.’ चालेल का? (ज्युनिअर रिसर्च फेलो, घणसोली)

वजा करणं चुकीचं नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही. ब्लँकची सरासरी वजा होते, त्याची अस्थिरता नमुन्यात तशीच राहते, आणि शोधमर्यादा (ज्याच्या खाली ‘आढळलं’ म्हणता येत नाही तो आकडा) त्या अस्थिरतेवर ठरते.

आकडे घालून बघू. समजा पाच ब्लँकमध्ये १२, १५, १०, १४ आणि ९ पिकोग्रॅम आलं. सरासरी १२, प्रमाण विचलन साधारण २.५. शोधमर्यादा म्हणजे सरासरी अधिक तिप्पट विचलन, जवळजवळ २० पिकोग्रॅम. मापनमर्यादा, ज्याच्यावर आकडा विश्वासाने देता येतो, ती म्हणजे सरासरी अधिक दहापट विचलन, सुमारे ३७. आता बर्फात लिटरमागे १५ पिकोग्रॅम आहे असं धरा. २ लिटर पाण्याचा अर्क काढलात तर ३० अधिक ब्लँकचे १२, एकूण ४२. मापनमर्यादेच्या वर, म्हणजे आकडा छापता येतो. अर्ध्याच लिटरचा काढलात तर साडेसात अधिक १२, साडेएकोणीस. ‘आढळलं’ असंही म्हणता येत नाही. बर्फ तोच आहे.

आता ब्लँक खाली आणून सरासरी ३ आणि विचलन ०.५ झालं असं समजा. मापनमर्यादा ८ होते, आणि त्याच अर्ध्या लिटरचे साडेदहा पिकोग्रॅम तिच्यावर जातात. ध्रुवावरून चौपट बर्फ वाहून आणण्यापेक्षा घणसोलीत बसून ब्लँक उतरवणं कितीतरी स्वस्त पडतं. मार्गदर्शकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, वाद होणार नाही.

उतरवायचा कसा? सगळी पद्धत एकदम तपासू नका, एकेक पायरी सुटी करून बघा. आधी काहीच न टोचता, म्हणजे कुठलाही नमुना आत न सोडता, यंत्र चालवा. तरी आलेखावर पीएफओएचं शिखर आलं तर ते एलसीच्या (द्रवातली रसायनं वेगळी करणाऱ्या या यंत्राच्या) नळ्या, सील किंवा द्रावकातून येतं आहे. पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये एक छोटा डिले कॉलम बसवला की पंपाकडून आलेलं पीएफओए नमुन्यातल्याच्या मागून, वेगळ्या शिखरात उतरतं. मग नुसतं मेथॅनॉल टोचा. मग तेच मेथॅनॉल नायट्रोजनखाली आटवून टोचा. इथे आकडा वाढला तर नायट्रोजनची नळी किंवा सुया संशयित. मग मेथॅनॉल कोऱ्या काडतुसातून (पाण्यातली रसायनं धरून ठेवणारी छोटी भरलेली नळी) सोडून टोचा. शेवटी पाणी: आरओचं पाणी आहे म्हणून स्वच्छच असेल असं धरू नका, ते स्वतः काडतुसातून गाळून वापरा.

काडतूस, म्हणजे दुर्बल ऋणायन विनिमयाचं, ज्याला सगळे वॅक्स म्हणतात, ते ०.१ टक्का अमोनियायुक्त मेथॅनॉल ४ मिली, मेथॅनॉल ४ मिली, पाणी ४ मिली या क्रमाने तयार करा. नमुना सेकंदाला एखाद-दुसऱ्या थेंबाच्या वेगाने सोडा. घाई केली की छोट्या साखळीचे रेणू थांबतच नाहीत. मध्येच काडतूस कोरडं पडलं तर वसुली, म्हणजे नमुन्यातलं जेवढं हाती लागतं ते, घसरते. अर्क काढल्यावर नायट्रोजनखाली अर्ध्या ते एक मिलीपर्यंतच आटवा, पूर्ण कोरडा नाही. समस्थानिकांनी खुणावलेलं अंतर्गत प्रमाणद्रव्य (त्याच रसायनाचं जड अणूंचं जुळं, मोजून घातलेलं) नमुना काडतुसावर चढवण्याआधी घालायचं. शेवटी घातलंत तर मधलं नुकसान दिसतच नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. दर दहा नमुन्यांमागे किमान एक पद्धतीचा ब्लँक चालवा आणि शेजारी इमारतीची डायरी ठेवा: पेस्ट कंट्रोल कधी झालं, भिंती कधी रंगवल्या, एसीचा फिल्टर कधी बदलला. कीटकनाशकं मोजणाऱ्यांना यातूनच उत्तरं मिळतात. बर्फ वितळवताना डबा बंद असावा आणि खोलीच्या तापमानाला वितळू द्यावा, हीटरवर नाही. उघड्या डब्यातला गार बर्फ खोलीतल्या हवेतलं जे मिळेल ते ओढून घेतो.

आर्क्टिकमध्ये वसंतात हवेतला पारा एकदम नाहीसा होतो हे खरं का? (वाशी)

खरं. कॅनडातल्या अलर्ट इथल्या नोंदींवरून हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. एरवी उत्तर गोलार्धाच्या हवेत घनमीटरमागे दीड नॅनोग्रॅमच्या आसपास पारा असतो. लांब ध्रुवीय रात्र संपल्यावर वसंतात अधूनमधून तो काही तासांतच जवळजवळ शून्यावर येतो. समुद्री बर्फावरच्या खारातून निघालेलं क्रियाशील ब्रोमीन त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि तो बर्फावर उतरतो. मात्र त्यातला बराचसा सूर्यप्रकाशात पुन्हा हवेत जातो, त्यामुळे एकाच दिवशी घेतलेला बर्फाचा नमुना ‘इतका पारा साठला’ हे सांगायला पुरत नाही.

ध्रुवावर जायची संधी कशी मिळते? आणि तोवर इथे काय करावं? (खारघर, असंच विचारणारी पत्रं ठाणे, नेरूळ आणि बदलापूरहूनही)

भारताचं काम वास्को, गोवा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतं. अंटार्क्टिकावर मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२), आणि आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंदला हिमाद्री (२००८) ही आपली केंद्रं. केंद्र प्रस्ताव मागवतं ते त्याच्या संकेतस्थळावर. प्रस्ताव सहसा नोकरीत कायम असलेल्या शास्त्रज्ञाच्या किंवा प्राध्यापकाच्या नावाने जातो आणि विद्यार्थी चमूत जातो, त्यामुळे आधी मार्गदर्शक शोधा, ध्रुव नंतर. वैद्यकीय तपासणी कडक असते. दाताचं दुखणं, रक्तदाब असं काही असेल तर वेळेत बघून घ्या.

परवानग्यांना वेळ लागतो. अंटार्क्टिकासाठी भारताचा २०२२ चा कायदा आहे आणि त्याखाली परवाना लागतो. स्वालबार्डला प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. प्रस्तावात ‘नमुन्यांचा अर्क तिथेच हेक्झेनने काढू’ असं सहज लिहू नका. ज्वलनशील द्रावक विमानाने नेणं हा वेगळाच व्याप आहे. बर्फ गोठलेलाच आणायचा, किंवा पीएफएएससाठी पाणी तिथेच काडतुसातून सोडून फक्त गोठवलेली काडतुसं आणायची. काडतुसांचं वजन नगण्य असतं.

तोवर सराव गच्चीवर करा. हवेतले प्रदूषक धरायची पॉलियुरेथेन फोमची चकती १४ सेंटिमीटर व्यासाची आणि १.३५ सेंटिमीटर जाड असते. एकमेकांवर पालथ्या घातलेल्या दोन स्टीलच्या वाडग्यांमध्ये ती टांगतात. वीज, पंप काही लागत नाही. दिवसाला साधारण ४ घनमीटर हवेतलं रसायन ती धरते, म्हणजे ९० दिवसांत ३६० घनमीटर. जोराच्या वाऱ्यात हा दर वाढतो, म्हणून चकती लावण्याआधी तिच्यावर ठराविक प्रमाणात खुणावलेली संयुगं टाकतात आणि त्यातली किती उडाली यावरून खरा दर काढतात. ध्रुवावर वर्षभरासाठी एक्सएडी राळेची नळी वापरतात, तिचा दर कमी पण ती लवकर भरत नाही.

ठाण्यातल्या गच्चीवर काय आडवं येतं? सोसायटीची डासांची धुरळणी, जनरेटर, टाकीला मारलेला डांबराचा हात, आणि जून ते सप्टेंबर तिरपा पाऊस. ऑक्टोबरात लावा, जानेवारीत काढा. दुसरी चकती त्याच डब्यातून गच्चीवर न्या, वाडग्यात अडकवा, मिनिटभराने काढून परत बंद करा. हा तुमचा फील्ड ब्लँक. प्रस्तावाला असे पाच-सहा ब्लँकचे आकडे जोडलेत तर ‘मला ध्रुवांची लहानपणापासून ओढ आहे’ या परिच्छेदाची गरज उरत नाही.

पाऱ्यात रस असेल तर खाडी दाराशीच आहे. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा अभ्यास १९८१ मध्ये छापून आलेला आहे, म्हणजे तुलनेला जुने आकडे आहेत. फक्त खाडीच्या गाळाची आणि ध्रुवीय बर्फाची भांडी आयुष्यात एकत्र करू नका. वेगळी कपाटं, वेगळं आम्लस्नान. नव्या संशोधकांच्या एपीईसीएस या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व फुकट आहे, तेही घेऊन ठेवा. क्षेत्रकामाच्या जागा आणि शिबिरं यांच्या बातम्या तिथे लवकर कळतात.

आमच्या विभागातल्या फ्रीझरची वीज मध्येच जाते. नमुने वाया गेले का हे कळायचं कसं? (डोंबिवली)

फ्रीझरमध्ये तापमान नोंदणारा छोटा लॉगर ठेवा, त्याला पर्याय नाही. तो येईपर्यंत पेल्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. नाणं बुडालेलं दिसलं तर मधल्या काळात बर्फ वितळला होता. उणे २० वरून उणे २ पर्यंत चढून परत उतरलेलं तापमान मात्र नाणं सांगणार नाही. एकदा वितळून पुन्हा गोठल्याने पीएफएएसचं फारसं बिघडत नाही, पण भिंतीला चिकटणं वाढलेलं असू शकतं, तेव्हा मेथॅनॉलचं खंगाळणं चुकवू नका. पाऱ्याच्या नमुन्यात आधीच आम्ल घातलेलं नसेल तर तो नमुना संशयास्पद समजा आणि वहीत तसं लिहा. आणि बाटली काठोकाठ कधीच भरू नका: गोठताना पाणी ९ टक्क्यांनी फुगतं, वर निदान १५ टक्के जागा सोडा. काच तडकते ती बहुतेक यामुळेच.