कॅथेटरची काळजी : सुरुवातीला एवढेच पाहा
वडिलांना कॅथेटरसह (लघवी बाहेर काढण्यासाठी मूत्राशयात घातलेली नळी) घरी आणले आहे, तर घाबरू नका. चार दिवसांत हात बसेल. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी, कारण ती वर उचलली की लघवी उलटी वाहून संसर्ग होऊ शकतो. नळीला पीळ नसावा आणि ती थोडी सैल ठेवून मांडीला पट्टीने बसवावी. नाहीतर कूस बदलताना बसणारा हिसका थेट आतल्या, नळी मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या, पाण्याने भरलेल्या फुग्याला ओढतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका :
- हात न धुता पिशवी रिकामी करणे.
- पिशवी रिकामी करताना तिच्या तोटीचे टोक भांड्याला लागू देणे.
- नळीचा जोड विनाकारण सोडणे.

लघवी थांबली, ताप आला किंवा ओटीपोट फुगून दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.