इंदूरजवळच्या जंगलात आणि पुढे हिमालयात फिरण्यासाठी कंपास कोणता घ्यावा? तो वापरायला शिकायचं कसं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. फोनमध्ये कंपास आणि जीपीएस असताना वेगळा कंपास हवाच का, हवा असेल तर कोणता, आणि चोरल-जानापाव भागात सराव करून पुढच्या उन्हाळ्यात तो हिमालयात कामाला येईल का. घ्या, असंच सांगेन. मी लोकमान्यनगरात राहते, पावसाळ्यात आणि थंडीत कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन महूच्या पुढे विंध्याच्या कडेकडेने हिंडते, आणि नकाशा-कंपास शिकवणं हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

कंपासची सुई वाट दाखवत नाही. ती उत्तर दाखवते, बस. वाट आपण ठरवायची असते. ठरवलेली दिशा झाडीत, धुक्यात, वळणावळणाच्या उतारावरही ढळू द्यायची नाही, यासाठी कंपास. म्हणून घेताना एकच गोष्ट मुख्य धरा: ठरवलेला कोन त्यावर लावून ठेवता येतो का? किल्लीला लटकणारे, शिट्टीच्या मागे चिकटवलेले, बॅगेच्या बकलातले छोटे कंपास इथेच बाद होतात. त्यांच्यावरून उत्तर कुठे आहे ते कळतं, पण ‘मला 140 अंशांवर दोन किलोमीटर जायचंय’ हे त्यांच्यावर लावता येत नाही.

तुम्हाला हवा तो बेसप्लेट कंपास. पारदर्शक पट्टी, तिच्यावर पुढे जायची दिशा दाखवणारा बाण, मध्ये 0 ते 360 अंशांची फिरती तबकडी, तबकडीच्या तळाला समांतर रेघा आणि उत्तरेकडे रोखलेला एक बाण, आणि आत द्रवात फिरणारी लाल-पांढरी सुई. 1930च्या दशकात स्वीडनच्या सिल्वा कंपनीने ही रचना रूढ केली आणि आजही तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. सिल्वा आणि फिनलंडची सुंटो ही दोन नावं डोळे मिटून घेण्यासारखी. डेकॅथलॉनमध्ये मिळणारा साधा बेसप्लेटही शिकायला पुरतो. खुणा दोन-दोन अंशांच्या असाव्यात आणि पट्टीची कड निदान दहा सेंटिमीटर लांब असावी. कड आखूड असली की नकाशावर रेघ जुळवताना हात चुकतो.

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिलिटरी रंगाचा, झाकणाचा, धातूचा कंपास मिळतो तो दिसायला रुबाबदार असतो. घेऊ नका. त्या नकलांमध्ये तबकडी अडकते, आणि आरपार दिसत नसल्याने तो नकाशावर ठेवून कोन काढता येत नाही. एनसीसीत शिकवतात तो खरा प्रिझमॅटिक (लोलकातून आकडा वाचायचा) कंपास वेगळा. तो फार अचूक, पण त्याच्या जोडीला कोनमापक लागतोच. तुम्ही एनसीसी केलेली असेल आणि हात बसलेला असेल तर खुशाल तो वापरा.

आरशाचं झाकण असलेला कंपास लांबच्या शिखरावर नेम धरायला बरा, कारण शिखर आणि सुई एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. पहिल्या खरेदीत त्याची गरज नाही. चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (उत्तर ध्रुवाकडची) यांतला फरक दुरुस्त करायचा स्क्रू असलेलं महाग मॉडेलही आपल्याकडे लागत नाही. अमेरिकेत सिएटलकडे हा फरक पंधरा अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिकडच्या व्हिडिओंमध्ये त्यावर एवढा जोर असतो. इंदूरला तो एक अंशाच्या आत आहे. एक अंश चुकलं तर किलोमीटरला साडेसतरा मीटर सरकतो. तेवढं तर आपण एका झुडपाला वळसा घालतानाही सरकतो.

खरी काळजी घ्यायची ती सुईच्या झुकण्याची. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं. चुंबकीय विषुववृत्त तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जातं, तिथे सुई आडवी राहते. उत्तरेकडे जावं तसं लाल टोक खाली ओढलं जातं. इंदूरला हा कोन तीस-पस्तीस अंशांचा, लंडनला पासष्टच्या वर. कारखान्यात सुईला त्या-त्या भागापुरता तोल दिलेला असतो. त्यामुळे सिडनीच्या मावसभावाने भेट दिलेला कंपास इथे लाल टोक तळाला टेकवून बसू शकतो, आणि टेकलेली सुई खोटं बोलते. ‘ग्लोबल’, म्हणजे कुठल्याही भागात मोकळी फिरणाऱ्या, सुईचा कंपास ही अडचण टाळतो, पण महाग असतो. साधा उपाय म्हणजे हातात घेऊन बघणं. तळहातावर सपाट धरा, सावकाश पूर्ण गोल फिरा. सुई कुठेही न घासता मोकळी राहिली की झालं.

हे दुकानाच्या आत करू नका. लोखंडी रॅकमध्ये चांगला कंपासही बिघडल्यासारखा वागतो. बाहेर फुटपाथवर या, गाड्यांपासून दूर उभे राहा. सुई स्थिर झाली की किल्ली जवळ नेऊन सुई हलवा, किल्ली दूर करा. सुई चार-पाच सेकंदांत बरोबर पहिल्या जागी यायला हवी. दर वेळी थोडी वेगळीकडे थांबत असेल तर तो परत द्या. द्रवात मोठा बुडबुडा असेल तरीही.

आता फोन. फोनचं जीपीएस उत्तम आहे आणि नेटवर्कशिवायही चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर. मी स्वतः वापरते. पण फोनमधला कंपास हा एक छोटा चुंबकीय सेन्सर असतो, आणि कव्हरच्या झाकणातलं चुंबक, इअरफोनची डबी, पॉवर बँक यांनी तो सहज भरकटतो. शिवाय पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही. दोन्ही ठेवा, मात्र एका खिशात नको. फोनच्या स्पीकरमधल्या चुंबकाला लागून बराच काळ राहिलेल्या कंपासची सुई चक्क उलटी होऊ शकते, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवायला लागतं. घरातून निघताना रोज गच्चीवर एक नजर टाका: ओळखीची उत्तर तिथेच आहे ना? दक्षिण इंदूरच्या गच्चीवरून रालामंडळची टेकडी दिसत असेल तर तिचा कोन एकदा लिहून ठेवा आणि तोच दर वेळी ताडून पाहा.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 ची ओपन सीरीज शीट त्यांच्या पोर्टलवरून पीडीएफमध्ये उतरवता येतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. प्रिंट काढणाऱ्याला बजावून सांगा की ‘फिट टू पेज’ करू नको, नाहीतर सगळं माप बिघडतं.

वापर तीन हालचालींचा आहे. नकाशावर पट्टीची कड अशी ठेवा की ती तुमच्या जागेपासून जायच्या जागेपर्यंत जाईल, आणि पट्टीवरचा बाण जायच्या जागेकडे असेल. मग पट्टी न हलवता तबकडी फिरवा, तिच्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांना समांतर होईपर्यंत; तबकडीवरचं उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला हवं. या वेळी सुईकडे अजिबात बघायचं नाही. मग कंपास उचला, पोटाशी सपाट धरा आणि अख्खं अंग फिरवा (हात नाही, अंग), लाल टोक तळाच्या बाणात बसेपर्यंत. पट्टीवरचा बाण आता दाखवतोय ती तुमची दिशा.

इथे बहुतेक नवशिके सुईवर डोळे खिळवून चालायला लागतात. तसं करू नका. त्या दिशेला पन्नास-शंभर मीटरवरचं एखादं ठळक झाड किंवा दगड हेरा. ‘तिसरा साग, ज्याला फांदी मोडलेली आहे’ इतकं नेमकं. कंपास खाली करा, आपल्या सोयीने खळगे-काटे चुकवत त्या झाडापर्यंत जा, तिथून पुढचं झाड हेरा. मध्ये कितीही वळसे पडले तरी चूक साठत नाही. महूच्या जंगलात पानगळीनंतर सगळे साग सारखेच दिसतात, म्हणून दोघांनी जाणं सोपं पडतं: एकजण पुढे जाऊन खूण म्हणून उभा राहतो, दुसरा त्याला ‘डावीकडे, अजून एक पाऊल’ करत रेषेत आणतो.

सगळ्यात मोठी चूक 180 अंशांची होते, म्हणजे तबकडी किंवा बाण उलटा धरला जातो. म्हणून पहिलं पाऊल टाकण्याआधी एक प्रश्न: सकाळ आहे, मला पश्चिमेला जायचंय, मग ऊन पाठीवर आहे का?

सूर्यावरून आठवलं. काटेरी घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे करून दक्षिण शोधण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. कर्कवृत्त इंदूरच्या उत्तरेकडून जातं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत ती युक्ती इथे वापरूच नये.

सराव घरापासून सुरू करा. चिमणबागेसारख्या मैदानावर पायाशी एक नाणं ठेवा. कोणत्याही कोनावर शंभर पावलं, कोनात 120 मिळवून पुन्हा शंभर, आणखी 120 मिळवून शेवटची शंभर. बरोबर चाललात तर नाण्यापाशी परत येता. मुलांना हे इतकं आवडतं की संध्याकाळ पुरत नाही. एकच सांभाळा, लोखंडी जाळीपासून आणि पार्क केलेल्या गाड्यांपासून लांब.

मग चोरलकडे जा, आणि तिथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात ठेवा. आपला माळवा बेसाल्टच्या थरांवर उभा आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. उघड्या काळ्या खडकाला कंपास टेकवला, किंवा वीज पडून गेलेल्या माथ्यावर उभं राहून वाचन घेतलं, तर सुई बरेच अंश सरकू शकते. कंपास खडकावर न ठेवता हातात धरा, पंधरा-वीस पावलं सरकून दुसऱ्यांदा वाचा. दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वर पठार सपाट, शेतं, मोकळं रान, आणि मग जमीन एकदम तुटते. पाताळपाणीचा धबधबा बघितलाय ना? तशाच घळी कडेने ठिकठिकाणी आहेत. कंपासला कडा कळत नाही. तो तुम्हाला सरळ कड्यावरूनही नेईल. म्हणून नकाशावर रेघ ओढली की ती समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; दाट असतील तिथे उतार तीव्र) दाट गुंत्यातून जातेय का ते आधी बघा, आणि जात असेल तर तिचे दोन-तीन तुकडे करून वळसा घाला. पावसाळ्यातल्या ढगात तर कडेच्या दिशेने कोन लावूच नका.

नदीवरच्या पुलासारख्या नेमक्या ठिकाणी पोचायचं असेल तर मुद्दाम थोडं बाजूला निशाण धरा. समजा पूल दोन किलोमीटरवर आहे. जंगलात पाच अंश इकडेतिकडे होणारच, म्हणजे तुम्ही पावणेदोनशे मीटर चुकून नदीला लागाल, आणि पूल डावीकडे की उजवीकडे हे कळणार नाही. त्याऐवजी दहा अंश डावीकडे धरून चाला. नदी लागली की पूल उजवीकडेच आहे. चोरल नदीवर हा प्रयोग मुलांकडून करून घेतला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पाताळपाणी-कालाकुंडची रेल्वेलाइनही अशी न चुकणारी खूण आहे. पण रुळांवरून चालू नका, आणि रुळांजवळ कंपास वाचू नका.

हिमालयात हेच सगळं चालतं, फक्त उतार मोठे असल्यामुळे सरळ रेषेत चालणं क्वचितच जमतं. तिथे कंपासचा खरा उपयोग आपण कुठे आहोत ते शोधायला होतो. नकाशावर ओळखता येणारी दोन शिखरं निवडा, शक्यतो एकमेकांशी काटकोनाच्या जवळपास असलेली. प्रत्येकाकडे पट्टीचा बाण धरा, तबकडी लाल टोकाला जुळवा. मग कंपास नकाशावर ठेवा, कड शिखराला लावा, तबकडीच्या रेघा उभ्या रेघांना समांतर होईपर्यंत सगळा कंपासच फिरवा आणि कडेने रेघ ओढा. दोन रेघा छेदतात तिथे तुम्ही. जानापावच्या माथ्यावरून खालची ओळखीची ठिकाणं घेऊन हे आधी करून बघा, कारण तिथे उत्तर तुम्हाला माहीतच असतं. चुंबकीय फरक पश्चिम हिमालयात थोडा वाढतो. तो नकाशाच्या समासात वर्षासह छापलेला असतो, त्यावर नजर टाका. थंडीत आणि उंचीवर द्रवात बारीक बुडबुडा आला तर घाबरू नका, खाली आल्यावर तो जिरतो. ट्रेकवर गाइड सोबत असला तरी दर विसाव्याला त्याच्याआधी स्वतः जागा शोधा आणि मग त्याला विचारा.