स्वीडनमधल्या पीएचडीबद्दल विचारलंत म्हणून

तुमचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) झालंय, मेळघाटात दोन वर्षं कुपोषणावर काम केलंय, पदरात तीन वर्षांची मुलगी आहे. आणि कर्ज न काढता परदेशात सार्वजनिक आरोग्यात पीएचडी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. मी ती उत्तर स्वीडनमध्ये, उमेओला केली, म्हणून तिथलंच सांगते.

तिकडे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी. फी कुणालाच नाही, आपल्यालाही नाही. (मास्टर्सला मात्र युरोपबाहेरच्यांना २०११ पासून फी पडते. तुमचं एमपीएच आहे, परत त्या वाटेला जाऊ नका.) अभ्यास पूर्णवेळ ४ वर्षांचा, २० टक्के वेळ शिकवण्यात गेला तर ५ वर्षं. सगळ्या काळाच्या पैशांची सोय दिसल्याशिवाय विद्यापीठाला प्रवेश देताच येत नाही. बाळंतपणाची किंवा आजारपणाची मोठी रजा घेतली तर मुदत तेवढी पुढे सरकते.

म्हणून शिष्यवृत्त्यांच्या याद्या चाळत बसू नका, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या नोकरीच्या जाहिराती बघा. विषय बहुधा आधीच ठरलेला असतो. त्या विषयाला तुम्हीच का, एवढंच पत्रातून कळायला हवं. 'मला संशोधनाची आवड आहे' अशी पत्रं मी वर्षभर पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका अर्जात लिहिलं, की घरोघरच्या सर्वेक्षणात अर्भकमृत्यू कसे निसटतात: बाई माहेरी बाळंत होते, बाळ तिथेच दगावतं, आणि ते ना माहेरच्या गावाच्या वहीत येतं ना सासरच्या. मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलणं झालं. मजुरीसाठी कुटुंबं गाव सोडून गेली की मुलांची वजनं कोण घेतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेच लिहा.

प्रकल्प भारतातल्या माहितीवर असेल, तर परवानग्या झाल्यात का हे मुलाखतीतच विचारून घ्या. परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला इथल्या एथिक्स समितीशिवाय सहसा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. मी अर्जच उशिरा केला, आणि पहिल्या वर्षातले कितीतरी महिने त्यात गेले. पगाराचं घड्याळ तोवर चालूच होतं.

घरचं म्हणाल, तर जोडीदाराला काम करता येतं. पण स्वीडिश न येता नोकरी मिळणं कठीण, तेव्हा त्यांनी भाषा आत्तापासून सुरू करावी. मुलीला बालवाडी मिळेल, तिच्या फीला कमाल मर्यादा आहे. डिसेंबरात उमेओला दुपारी दोनच्या आत सूर्य मावळतो. पहिला हिवाळा जड जातो.

शेवटी तीन-चार शोधनिबंध आणि त्यांना एकत्र बांधणारं प्रास्ताविक (स्वीडिशमध्ये 'कप्पा'), असा प्रबंध होतो. परीक्षकांसमोर प्रबंधाचा जाहीर बचाव करायचा असतो; त्याच्या साधारण तीन आठवडे आधी तो खिळ्याने भिंतीवर ठोकायची तिथे प्रथा आहे. माझा ठोकला तेव्हा हात थरथरत होता.

पत्राचा मसुदा मला पाठवा. मेळघाटाचा परिच्छेद आधी लिहा, बाकीचं नंतर.